पत, प्रसिद्धी आणि पहिले पुस्तक : मराठी ग्रंथव्यवहारातील एका सूत्राचा शोध

१

वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांत लेखकाच्या पहिल्या पुस्तकाचा उल्लेख बहुधा एका सालाने आणि एका नावाने उरकला जातो. पुस्तक लिहिले गेले, छापले गेले आणि मग जणू आपोआप वाचले गेले, असे त्या नोंदीवरून वाटते. वास्तविक छापील पुस्तक आणि वाचलेले पुस्तक यांच्यामध्ये मोठे अंतर असते. ज्या लेखकाचे नाव कोणालाही ठाऊक नाही, त्याच्या बाबतीत ते अंतर कोण आणि कसे ओलांडते, हा प्रश्न आपल्या समीक्षेने व्यवहाराचा म्हणून बाजूला सारला. प्रसिद्धी ही प्रकाशकाची आणि विक्रेत्याची बाब. तिचा साहित्यविचाराशी संबंध नाही, अशी ही भूमिका आहे. ही भूमिका ऐतिहासिक पुराव्यांपुढे टिकत नाही, असे या लेखाचे म्हणणे आहे.

प्रारंभीच तीन शब्दांत भेद करणे आवश्यक आहे. 'जाहिरात' म्हणजे पैसे मोजून किंवा आपण होऊन दिलेली सूचना : अमुक पुस्तक निघाले आहे, किंमत इतकी, मिळण्याचे ठिकाण अमुक. 'प्रसिद्धी' म्हणजे नाव लोकांच्या कानावर असणे. ती स्तुतीने येते, तशी निंदेनेही येते. 'पत' ही यांहून निराळी गोष्ट आहे. ती बाजारपेठेतील संज्ञा असली तरी येथे नेमकी लागू पडते. ज्याची पेढी लहान आहे त्याला मोठ्या पेढीचा जामीन लागतो, आणि जामीन राहणाऱ्याला आपल्याजवळचे काही गहाण टाकावे लागते. नव्या लेखकाजवळ पत नसते. ती त्याला कोणाकडून तरी उसनी घ्यावी लागते. मराठीत नव्या लेखकाला अनोळखी वाचक मिळाला तो बहुतेक वेळा अशा उसन्या पतीमुळे, आणि ती देणाऱ्याने स्वतःचे काही पणाला लावले होते म्हणून. पुढील उदाहरणे या सूत्राच्या आधारे पाहावयाची आहेत.

२

अव्वल इंग्रजीच्या काळात ग्रंथकाराला पत पुरवणारी मुख्य सत्ता सरकार हीच होती. दक्षिणा प्राइझ कमिटीचे पारितोषिक आणि शाळाखात्याची खरेदी यांच्या आधारावर पुस्तक उभे राही. वाचकसमाज अजून घडावयाचा होता. १८६७ च्या कायद्याने छापील पुस्तकांची सरकारदरबारी नोंद होऊ लागली, म्हणजे पुस्तक निघाल्याची वार्ता तरी कोठेतरी राहू लागली. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'विविधज्ञानविस्तारा'ने नव्या पुस्तकांच्या परीक्षणाची परंपरा रुजवली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' काढली. पुढे छापखाना आणि 'किताबखाना' हे पुस्तकांचे दुकानही काढण्यात ते होते. परीक्षण, मुद्रण आणि विक्री ही तीन अंगे परस्परांना पूरक आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले होते, असे यावरून म्हणता येते.

न्या. रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात भरलेले ग्रंथकारसंमेलन याच संदर्भात पाहिले पाहिजे. आज त्याकडे आपण साहित्यसंमेलनांचा आरंभ म्हणून पाहतो. परंतु त्यामागे मराठी ग्रंथाला वाचक आणि ग्राहक कसा मिळावा, ही सरळ व्यावहारिक चिंता होती. लेखकांनी एकत्र येऊन परस्परांना पत द्यावी, असाच तो प्रयत्न होता.

मात्र ही पत कोणाला मिळणार आणि कोणाला नाही, हा प्रश्न लगेचच उभा राहिला. १८८५ च्या ग्रंथकारसभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांना स्थान नाही, त्यांच्या सभांशी आपल्या सभांचा मेळ बसणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. हे पत्र सामाजिक विद्रोहाचा दस्तऐवज म्हणून सर्वपरिचित आहे. ग्रंथव्यवहाराच्या दृष्टीने पाहता ते जामीनकीच्या व्यवस्थेलाच दिलेले आव्हान ठरते. फुल्यांनी स्वतःसाठी दुसरा मार्ग शोधला होता. 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ त्यांनी गावोगावच्या लोकांपुढे वाचून दाखवला. ज्या ठिकाणांचा उल्लेख त्यांनी केला आहे त्यांत मुंबई-पुण्याबरोबर ठाण्याचेही नाव आहे. ज्याला वाचता येत नाही असा श्रोता हाच येथे ग्रंथाचा पहिला ग्राहक आहे, आणि लेखकाच्या पतीचा उगम पुण्याच्या सभेतून न होता त्या श्रोत्यांच्या अनुभवातून होत आहे. प्रसिद्धीचे हे दोन मार्ग, म्हणजे प्रतिष्ठितांच्या हमीचा आणि समूहाच्या साक्षीचा, पुढे शंभर वर्षे समांतर चालत राहिले.

३

ठाण्याचा उल्लेख आला, तेव्हा तेथील एका संस्थेचा विचार करणे प्राप्त आहे. विनायक लक्ष्मण भावे यांनी १८९३ मध्ये ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. तत्पूर्वी १८६४ मध्ये कल्याणला सार्वजनिक वाचनालय निघाले होते, आणि १८६६ पासून ठाण्यातून 'अरुणोदय' हे पत्र निघत होते. म्हणजे या परिसरात वाचनाचे संस्कार नवे नव्हते. भाव्यांच्या कल्पनेतील नावीन्य असे, की मराठीत छापलेले पुस्तक, मग ते कोणाचेही असो, एका छपराखाली जमवावयाचे. वरवर पाहता हा संग्राहकाचा छंद वाटेल. परंतु नव्या ग्रंथकाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ फार मोठा होता. नाव नसलेल्या लेखकाचे पुस्तक नामवंताच्या पुस्तकाशेजारी ठेवण्याची ही हमी होती. पाच वर्षांनी मुंबईतही मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले.

या वेळी भावे स्वतः विशीतील तरुण होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. त्यांचा 'महाराष्ट्र सारस्वत' प्रथम 'ग्रंथमाला' या मासिकातून वाचकांपुढे आला आणि नंतर विस्तारत गेला. १९०३ मध्ये त्यांनी जुनी कविता छापण्यासाठी 'महाराष्ट्र कवी' हे मासिक काढले. संग्राहक, संपादक आणि ग्रंथकार या तिन्ही भूमिका एका माणसात एकवटल्या होत्या, आणि पहिलीने तिसरीला पत पुरवली. ज्याने इतरांची पुस्तके जमवली, त्याच्या शब्दाला ग्रंथांविषयी बोलताना वजन आले.

मासिकाने ग्रंथकार घडवण्याची ही रीत त्या काळी सर्वत्र दिसते. हरि नारायण आपटे यांची 'मधली स्थिती' १८८५ मध्ये 'पुणे वैभवा'तून क्रमशः येऊ लागली, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' काढले आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' तिच्यातून प्रसिद्ध होऊ लागली. क्रमशः प्रकाशन ही प्रसिद्धीची अशी पद्धत होती की जिच्यात जाहिरात आणि कृती यांत भेदच उरत नाही. आजचे प्रकरण हेच पुढच्या प्रकरणाचे निमंत्रण असते. आपट्यांच्या कादंबरीतील पाल्हाळ आणि प्रकरणांच्या शेवटी राखलेली उत्कंठा यांचा उलगडा करताना या पद्धतीला वगळून चालणार नाही. प्रसिद्धीचे माध्यम कृतीच्या रूपातही उतरते, ही गोष्ट आपल्या रूपवादी समीक्षेने फारशी विचारात घेतलेली नाही.

४

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील तीन प्रसंग उसन्या पतीचे स्वरूप अधिक स्पष्ट करतात.

पहिला १९०७ चा. जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनाचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. त्यांनी त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाचा 'बालकवी' म्हणून गौरव केला. एकही संग्रह नसलेल्या कवीला या प्रसंगाने महाराष्ट्रव्यापी नाव मिळाले. येथे जाहिरात नाही, पुस्तक नाही. आहे ते केवळ एका मान्यवर वडीलधाऱ्याने भरसभेत उच्चारलेले विशेषण. त्या काळी असे विशेषण स्वस्त नव्हते. पोर पुढे निष्प्रभ ठरला असता तर हसे अध्यक्षांचे झाले असते.

दुसरा प्रसंग याच्या नेमका उलट आहे. १९३३ मध्ये ह. वि. मोटे यांनी 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रकाशित केला. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. हे टोपणनाव आहे, एवढेच वाचकांना उमगले. त्यामागील व्यक्ती स्त्री की पुरुष, याविषयी तर्क लढवले जाऊ लागले. अविवाहित सुशिक्षित तरुणींच्या मनातील कोंडमारा उघडपणे मांडल्यामुळे पुस्तकाविरुद्ध मोठी खळबळ उडाली. पुढील काळात या लेखिका म्हणजे मालतीबाई बेडेकर, हे सर्वश्रुत झाले. लेखिकेचे नाव गुप्त ठेवणे ही प्रसिद्धीची युक्ती होती, असे काही वेळा सुचवले जाते. तसे म्हणणे अन्यायाचे आहे. समाजात वावरणाऱ्या एका शिक्षित स्त्रीला ते कवच आवश्यक होते. परंतु त्याचा परिणाम ग्रंथव्यवहाराच्या दृष्टीने उद्बोधक आहे : लेखिका अदृश्य असल्याने पुस्तकामागे उभे राहणारे दृश्य नाव फक्त प्रकाशकाचे उरले. उत्सुकतेने वाचक आला हे खरे, तथापि रोष पत्करायला जागेवर कोणीतरी होते म्हणूनच पुस्तक बाजारात टिकले.

तिसरा प्रसंग 'विशाखा'चा. कुसुमाग्रजांचा 'जीवनलहरी' हा छोटा संग्रह आधी निघाला होता, पण त्याने त्यांना वाचकसमुदाय दिला नव्हता. १९४२ मध्ये वि. स. खांडेकरांनी 'विशाखा' पदरमोड करून प्रकाशित केला आणि त्याला प्रस्तावना लिहिली. खांडेकर त्या वेळी लोकप्रियतेच्या शिखरावर होते. आदल्याच वर्षी सोलापूरच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते. येथे पतीबरोबर रोख रक्कमही पणाला लागली आहे. प्रस्तावना ही आपल्याकडे पुष्कळदा शुभेच्छापत्राच्या पातळीवर उतरते. 'विशाखा'ची प्रस्तावना त्या कोटीतील नाही, कारण ती लिहिणाऱ्याने कवितेच्या मोलाविषयीचा आपला निर्णय खर्चाच्या रूपाने आधीच नोंदवला होता.

या मालिकेत 'बहिणाईची गाणी'चे स्थान विलक्षण आहे. बहिणाबाई चौधरी १९५१ च्या डिसेंबरात निवर्तल्या. संग्रह १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघाला. अत्र्यांची प्रसिद्धीची शैली बहुधा गाजावाजाची, पण त्या गाजावाज्यामागे रसिकाची पारख होती आणि तिची किंमत त्यांना ठाऊक होती. आज राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या काव्यसंग्रहाचा पुरस्कार बहिणाबाईंच्या नावाने दिला जातो. जिने आपले पहिले पुस्तक पाहिले नाही, तिचे नाव पहिल्या पुस्तकाच्या गौरवाला असावे, यात ग्रंथव्यवहाराचा एक कटु इतिहास सामावलेला आहे.

५

साठोत्तरी कालखंडात हे चित्र पालटले. प्रकाशनसंस्थेची मुद्रा हीच एक पत झाली होती. १९६३ मध्ये 'कोसला' काढणारे देशमुख आणि कंपनीचे रा. ज. देशमुख हे खांडेकरांच्या 'ययाती'चेही प्रकाशक होते. एका पंचविशीतील तरुणाची, रूढ घाट मोडणारी कादंबरी त्याच मुद्रेखाली यावी, याला महत्त्व आहे. 'ययाती'च्या वाचकाला 'कोसला' पचेल की नाही, याची खात्री प्रकाशकाला असणे शक्य नव्हते.

१९६४ मध्ये मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांनी 'ललित' सुरू केले. केवळ पुस्तकांविषयीच्या या मासिकाने जाहिरात, वार्ता, परीक्षण आणि जयवंत दळवींच्या 'ठणठणपाळा'ची टिंगल यांना एका अंकात आणले. टिंगल ही त्यातली मोठी महत्त्वाची गोष्ट होती. विक्रेत्याच्याच मासिकात लेखकांची रेवडी उडवली जाते, हे पाहिल्यावर त्याच मासिकातील प्रशंसेवर वाचकाचा विश्वास बसतो.

परंतु याच दशकात भालचंद्र नेमाडे यांनी लेखकाचा 'लेखकराव' होण्याच्या प्रक्रियेवर घणाघाती हल्ला चढवला. सभासंमेलने, सत्कार आणि परस्परप्रशंसा यांत लेखक हरवतो, असा त्यांचा आक्षेप होता. १९६९ मध्ये तरुण अनियतकालिकवाल्यांनी 'सत्यकथे'ची होळी केली. पत देणारी केंद्रे मूठभर आणि एकाच वर्गाची झाली की ती पहारेकऱ्याचे काम करू लागतात. १८८५ मध्ये फुल्यांनी घेतलेला आक्षेप निराळ्या शब्दांत पुन्हा उभा राहिला होता. माझ्या विवेचनाविरुद्धचा सर्वांत प्रबळ युक्तिवाद हाच आहे, आणि तो टाळता येणार नाही. जो जामीन राहतो तोच कोणाला जामीन राहावयाचे हेही ठरवतो.

या पेचातून मार्ग सत्तरीच्या दशकात निघाला, तो पतीचे केंद्र बदलल्यामुळे. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह आला. या प्रस्तावनेतील तेंडुलकर अधिकाराने निवाडा देत नाहीत. कवीच्या जगात ते वाटसरूसारखे शिरतात, तेथील शब्द आपल्याला परके आहेत हे मान्य करतात. पत देणाराच येथे शिकाऊ झाला आहे. त्यानंतर दिनकर गांगल आणि त्यांचे सहकारी यांनी उभ्या केलेल्या 'ग्रंथाली'ने वाचकांना आगाऊ वर्गणी देणारे सभासद केले आणि पुस्तके घेऊन गावोगाव यात्रा काढल्या. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये, लक्ष्मण माने यांचा 'उपरा' १९८० मध्ये, याच चळवळीतून आला. 'उपरा'ला लगोलग, १९८१ मध्ये, साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. आगाऊ वर्गणी भरणारा वाचक अजून न वाचलेल्या, अनोळखी लेखकाच्या पुस्तकावर स्वतःचे पैसे लावत होता. पत एका व्यक्तीची न राहता समूहाची झाली. फुल्यांचा श्रोतृवर्ग आणि खांडेकरांची पदरमोड हे दोन मार्ग येथे प्रथमच एकत्र आले, असे म्हणता येईल.

६

आता घोडबंदर रोडकडे वळावयाचे ते उपरोधासाठी नव्हे. माजिवडा-कापूरबावडीपासून घोडबंदर गावाकडे जाणाऱ्या या रस्त्यावरची मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे ही गावे गेल्या तीसेक वर्षांत गृहसंकुलांनी वेढली गेली. गिरगाव, दादर, पार्ले येथून सरकलेला मराठी मध्यमवर्ग आणि त्याच्याबरोबर त्याची वाचनाची सवय येथे आली. मात्र ज्या संस्थांनी ती सवय घडवली, त्या मागे राहिल्या. भाव्यांचे ग्रंथसंग्रहालय जुन्या ठाण्यात आहे. मासुंदा तलावाकाठचे गडकरी रंगायतनही तिकडेच. काशिनाथ घाणेकरांच्या नावाचे नाट्यगृह या बाजूस झाले, पण नाट्यगृह म्हणजे ग्रंथालय नव्हे.

साहित्याचा उत्साह या परिसरात कमी नाही. २०१० चे अखिल भारतीय मराठी साहित्यसंमेलन ठाण्यास भरले, २०१७ चे डोंबिवलीत. पुस्तक छापणे पूर्वी कधी नव्हते इतके सोपे झाले आहे. थोड्या प्रती काढण्याची सोय असल्याने निवृत्त अधिकारी, गृहिणी, तरुण अभियंते यांची पहिली पुस्तके स्वखर्चाने निघतात. प्रकाशनसमारंभ होतो, पाहुणे बोलतात, शाल-श्रीफळ दिले जाते, छायाचित्रे त्याच रात्री शेकडो लोकांपर्यंत पोचतात. प्रसिद्धीची साधने विपुल आहेत, आणि लेखकाला स्वतःच ती वापरता येतात, हा लाभ क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. जो पूर्वी पहारेकऱ्याच्या दारातून परत गेला असता, तो आज निदान छापला तरी जातो.

अडचण वेगळीच आहे. या साऱ्या खटाटोपात लेखकाच्या परिचितांना बातमी कळते. अनोळखी वाचक मात्र त्यामुळे पुस्तकाकडे वळत नाही. समारंभातील पाहुणा पुस्तकाची प्रशंसा करतो, पण ती चुकली तर त्याचे काहीच जात नाही, हे सभागृहातील प्रत्येकाला ठाऊक असते. पुढच्या रविवारी दुसऱ्या पुस्तकाविषयी तो तेच बोलणार असतो. जामीन राहणारे पुष्कळ झाले आणि कोणीच काही गहाण टाकत नाही, अशी ही अवस्था आहे. कीर्तिकरांचे विशेषण आणि आजचे विशेषण यांतील अंतर हे शब्दांचे नाही, जोखमीचे आहे.

शासनाच्या योजना या ठिकाणी काही प्रमाणात उपयोगी पडतात. साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकाला छपाईचे बळ देते. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने अनुदानित ग्रंथालयांचे जाळे निर्माण केले, आणि त्यांची खरेदी हा मराठी प्रकाशनाचा मोठा आधार झाला. परंतु अनुदानाने पुस्तक कपाटात पोचते. कपाटातून ते हातात येण्यासाठी 'हे वाचा' असे सांगणारा, आणि तसे सांगण्याची नैतिक जबाबदारी घेणारा, कोणीतरी लागतो.

७

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ प्येर बूर्द्यू यांनी प्रकाशक आणि समीक्षक हे लेखकाला प्रतीकात्मक भांडवल पुरवतात, असे प्रतिपादन केले आहे. त्यांच्या विवेचनात हे भांडवल देणाराही त्या व्यवहारात काही कमावत असतो. मराठीतील उदाहरणांवरून यात एक पुस्ती जोडता येते : देणाऱ्याला काही गमावण्याची शक्यता जेथे होती, तेथेच त्या भांडवलाला वाचकांनी किंमत दिली. नुसत्या प्रसिद्धीने हे साधत नाही, याचा पुरावा मर्ढेकरांच्या कवितेवरील अश्लीलतेच्या खटल्याने दिला आहे. खटल्याने कवीचे नाव घरोघरी गेले; ती कविता कशी वाचावी, हे मात्र समीक्षकांना वर्षानुवर्षे समजावून सांगावे लागले.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक संशोधनाची. पहिल्या पुस्तकांच्या प्रस्तावना, मलपृष्ठांवरील मजकूर, जुन्या मासिकांतील ग्रंथजाहिराती, ग्रंथालयांच्या देवघेवीच्या वह्या ही सामग्री आपण दुय्यम मानली. ठाणे-कल्याणसारख्या जुन्या ग्रंथालयांच्या दप्तरांतून एखाद्या नव्या लेखकाचे पुस्तक कोणी, केव्हा, किती वेळा नेले याचा माग काढता आला, तर अभिरुचीच्या इतिहासाला अनुमानाऐवजी पुराव्याचा आधार मिळेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे, असे हे काम आहे.

दुसरी गोष्ट समीक्षेच्या कर्तव्याची. विद्यापीठीय समीक्षेने नव्या पुस्तकांकडे पाठ फिरवली आहे. लेखकाला मान्यता लाभल्यानंतर, तो अभ्यासक्रमात लागल्यानंतर, आपण त्याच्यावर लिहितो. म्हणजे जोखीम संपल्यावर बोलू लागतो. पहिल्या पुस्तकाविषयी स्पष्ट मत देणे, ते चांगले असल्यास ठामपणे सांगणे आणि वाईट असल्यास तसेही सांगणे, यात चुकण्याचा धोका आहे. 'विविधज्ञानविस्तारा'च्या परीक्षकांनी तो पत्करला होता. आज घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सदनिकेत कोणी पहिली कादंबरी लिहून बसला असेल, तर त्याला समारंभ भरपूर मिळतील. त्याच्या पुस्तकाचे निर्भीड परीक्षण कोठे यावे, याचे उत्तर देण्याची जबाबदारी या नियतकालिकासारख्या नियतकालिकांवर आणि त्यांत लिहिणाऱ्या आपणा सर्वांवर येते. वर्षातून निदान एक अंक केवळ पहिल्या पुस्तकांच्या परीक्षणांसाठी राखून ठेवणे, ही त्याची सुरुवात ठरू शकेल.